मुलाकडचा चेंडू

देवाने माणसं घडवताना लाज नावाचा जिन्नस प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटचिमूट घातला, आणि आमच्या व्याह्यांची पाळी आली तेव्हा नेमका डबा रिकामा निघाला. त्यांना स्वतःला त्याची उणीव उभ्या आयुष्यात भासली नाही. भासली ती आम्हा बाकीच्यांना. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पुण्यातल्या एका कारखान्यासाठी माल खरेदी करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि समोरचा सांगतो ते चूकच असणार, ही तिथली शिकवण निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या जगाला लागू केली. शिंप्याने कापड कसं बेतावं, एसटीच्या ड्रायव्हरने घाटात वळण कसं घ्यावं, डॉक्टरने नाडी कुठे शोधावी, हे ते कुणी न विचारता सांगत. कुणाच्याही घरी गेले की तडक स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलत. "विहीणबाई, आमटी उत्तम आहे, फक्त तिला स्वतःला ते अजून कळलेलं नाही. जरा चिंच वाढवा." मी मुद्दाम चिंचेला हात लावायची नाही. मग पानावर बसून पहिला घास घेतला की म्हणणार, "बघा! वाढवलीत आणि कसा फरक पडला!" आता अशा माणसाशी भांडण सुरू तरी कुठून करायचं?

लग्नात त्यांनी आमची जी फजिती केली, ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही ध्यानात यायचं नाही. आम्ही मुलीकडचे. आमच्या ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, मानपानाच्या बाबतीत फार कडक हिशेब. मुलाकडचा माणूस आपल्या दारात आला की त्याने वाकून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही, त्याच्या हातातून काही पडलं तर आपण उचलून द्यायचं, अशा मताचे ते. व्याह्यांसाठी भोरच्या पेठेत स्वतः जाऊन त्यांनी जरीकाठाचा फेटा आणला होता. आणि मी? मी तर आठवडाभर भाकऱ्या थापताना मनधरणीची वाक्यं पाठ करत होते. मुलाकडचे रुसणार, आपण हात जोडायचे, डोळ्यांत पाणी आणायचं, अशी सगळी तालीम मी चुलीपुढे पार पाडली होती. माणूस पायातल्या वहाणांवरून ओळखावा, हाही माझा त्या काळातला एक शोध. व्याही मांडवात आले ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. माझा शोध तिथेच संपला. हे पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे झाले, तर व्याही म्हणाले, "पाय आम्ही घरून धुऊन आलो आहोत. हे मानपान वगैरे आम्हाला काही नको." फेटा नको, नारळ नको, रुसणं तर नाहीच नाही. उलट पंगतीत हातात बादली घेऊन वाढायला लागले आणि आचाऱ्याला मठ्ठा कसा करावा ते शिकवून आले! सगळं गाव म्हणालं, काय मोठ्या मनाचा माणूस. हे मात्र तो तांब्या धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते. रात्री फेटा ट्रंकेत ठेवताना म्हणाले, "मान घेत न्हाई त्यो पाव्हना कसला? आपल्या हातचं कायबी नगं झालं त्येला." माझी पाठ केलेली वाक्यंही फुकट गेली ती गेलीच. तेव्हापासून ह्या दोघांत 'या-बसा'पलीकडे बोलणं नव्हतं.

मग करोना आला. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांना धरलं, पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं, तिथे आम्हाला भेटू देत नसत. दिवाळीच्या तोंडावर घरी आले ते अर्धेच आले. उरलेले अर्धे कुठे ठेवून आले ते सांगायला तयार नव्हते. मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत गेलं की ओढ्यापलीकडे आमची वाडी. घरापुढे खळं, खळ्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि घरामागे चढावर आमचं वरचं खाचर. तिथून समोर तोरणा दिसतो. ह्या सगळ्यात दिवसभर वाऱ्यासारखा फिरणारा माणूस आता घोंगडी पांघरून ओटीवरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. भात कापलं, झोडलं, घरात आलं, पण जन्मात पहिल्यांदा हे खाचरात उतरले नाहीत. डॉक्टर फोनवर दर खेपेला एकच सांगायचे, "त्यांना चालवा. रोज थोडं थोडं वाढवा. असे बसून राहिले तर पुढे उठणं होणार नाही." फुंकायचं एक यंत्र दिलं होतं, त्यात तीन रंगीत गोळे, श्वासाने ते वर उचलायचे. हे म्हणायचे, "लेकराचं खेळनं हाय त्ये," आणि तोंड फिरवायचे. मी रागावले, लाडीगोडी लावली, जेवण टाकून बसले. एकदा कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "दम लागतुया गं. मदीच पडलो तर?" मी त्यांच्या गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली. हा माणूस त्या खुर्चीतून उठतो की नाही, एवढा एकच प्रश्न त्या हिवाळ्यात आमच्या घरात होता. बाकीचं आपलं चाललेलं.

अशात लेक-जावई आले आणि बरोबर व्याही. पुण्यातली त्यांची इमारत करोनापायी सारखी बंद करत, मागे घरात ते एकटेच उरले असते, म्हणून लेकीने गाडीत घालून आणले. गाडीतून आधी उतरली ती एक काळी, उंच, गोल बॅग. शेजारच्या काकूंनी कुडाआडून पाहिलं आणि वाडीभर झालं, "ह्यांच्यासाठी ऑक्शिजनची टाकी आनली!" मग काय, दोन-चार दिवस आमच्या अंगणात कावळासुद्धा बसला नाही. गिरणीवाल्याने दळणाचा डबा फाटकाबाहेर ठेवून लांबूनच हाक मारली. बॅग उघडली तर आत काठ्या! प्रत्येकीच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं. "गोल्फ," व्याही म्हणाले, "आमचा क्लब बंद आहे, पण सराव थांबला की हात विसरतात." प्रत्येक काठीला नंबर होता, कुठली कधी वापरायची ह्याचं शास्त्र होतं, आणि ते त्यांनी मला डाळ निवडताना सांगितलं. माझ्या डोक्यात काही ते नंबर राहिले नाहीत. मी आपली नावं ठेवली: लाटणं, झारा, पळी आणि उलथनं. पंधरवड्यात तेच मला हाक मारायला लागले, "विहीणबाई, ओटीवरून जरा झारा देता का?"

जावई गोठ्याच्या माळ्यावर बसून कचेरीचं काम करायचे, कारण मोबाईलला रेंज तिथेच. खालून म्हैस ओरडली की साहेबांना सांगायचे, "माफ करा, घरातली मंडळी." लेक एका हाताने लॅपटॉप आणि दुसऱ्या हाताने बापाच्या गोळ्या सांभाळायची. आणि व्याही सकाळी तोंडाला मास्क लावून, चेंडू सॅनिटायझरने पुसून, बाहेर पडायचे. पहिल्याच सकाळी खळ्यापुढे थबकले. आमच्याकडे खळं म्हणजे देवघराच्या खालोखाल. शेणाने सारवून काचेसारखं गुळगुळीत केलेलं. मधोमध मळणीच्या बैलांना बांधायला मेढ रोवतात. मळणी उरकली की लाकूड काढून ठेवतात आणि भोक तसंच राहतं. व्याह्यांनी ते पाहिलं आणि हात जोडले. "अहो, एवढी सपाट जागा ठेवायला आमच्याकडे माळ्यांची फौज राबते. आणि तुमच्या दारात आयती. भोकासकट!" असं म्हणून खिळ्यांच्या बुटांनिशी चढले की हो खळ्यावर!

मी आतून हातातला कालथा घेऊनच धावले. "व्याहीबुवा! आधी पायातलं काढा! खळं आहे ते, तुमचा क्लब नव्हे!" त्यांनी शांतपणे बूट काढले, मोजे काढले, आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे आमच्या क्लबातसुद्धा सुरू करायला हवं." मी आत येऊन हसत सुटले, कारण मी जे वाक्य ओरडले होते ते शब्दाशब्दाने माझ्या सासूबाईंचं होतं. माझं माहेर भोरच्या बाजारपेठेत, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्या आधारावर मी स्वतःला राजघराण्यातलीच समजत असे. नवी नवरी म्हणून ह्या वाडीत आले ती उंच टाचांच्या सँडल घालून, आणि सगळ्यांना चाल दिसावी म्हणून नेमकी ओल्या खळ्यावरून निघाले. मध्यावर टाच शेणात रुतली. पाय निघाला, सँडल नाही निघाली. एका पायावर उभी असलेली ती राजकन्या आठवली की अजून मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. सासूबाई ओरडल्या, मामंजी तोंड फिरवून हसले, आणि हे खाली वाकून माझी सँडल उपटून देताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. खळ्यावर पुन्यांदा नगा आनू म्हंजी झालं." वाकून उचलून द्यायची सवय त्यांची तेव्हाचीच.

व्याह्यांचा सराव म्हणजे वाडीला करमणूक होती. चेंडूपुढे उभं राहायचं, कंबर दोनदा हलवायची, आकाशाकडे बघायचं, मग काठी अशी फिरायची की जवळची कोंबडी उडून कौलावर. चेंडू कुठे जाईल ते मात्र कुणाच्याच हातात नसे. एक काकूंच्या वाळत घातलेल्या पावट्यात पडला. एक पेंढ्याच्या गंजीत शिरला, तर म्हणाले, "गंजी उतरवून पुन्हा रचता येईल का?" चुकलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "फटका बरोबर होता, खाचर जरा डावीकडे आहे," म्हणायचे. लाटण्याचा दांडा दगडावर आपटून मोडला तेव्हा कापूरहोळच्या गॅरेजमधून वेल्डिंग करून आणला आणि वेल्डरलाच फटका कसा मारावा ते शिकवून आले. फटका मारण्याआधी ते गवताची काडी हवेत सोडून वारा बघत. एका सकाळी अशी काडी सोडली आणि ओटीवरून आवाज आला, "वारं खालनं हाय. तोंड फिरवून हुबं ऱ्हावा." मी दारात थिजले. उफणणीच्या वेळी वारा बघावा तो आमच्या ह्यांनी. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी आपणहून काढलेले ते पहिले शब्द होते. व्याही उलटे उभे राहिले आणि त्यांनी काठी फिरवली.

चेंडू खळ्यावरून उडाला आणि खालच्या खाचरात, नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यात, जाऊन पडला. लेक आणायला धावली. व्याह्यांनी हात आडवा केला. "तू नको. तू आमची सून. हा तुझा मान नाही." मग बांधावर ऐसपैस बसले आणि ओटीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, मी मुलाकडचा माणूस. तुमच्या शेतात माझी वस्तू पडली. आता मुलाकडच्यांनी वाकून शोधायची का?"

ज्याने मांडवात तांब्या परतवला, तो माणूस इतक्या वर्षांनी मान मागत होता, तोही लोकरीच्या मफलरीत आणि अनवाणी! माझं डोकं तडकलं. म्हटलं, "अहो, आजारी माणूस आहे तो! मी देते आणून." तर म्हणाले, "विहीणबाई, तुम्हाला विचारलं नाही. वडीलधाऱ्यांचं काम आहे." मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. घोंगडी बाजूला झाली. खुर्चीचे हात धरून ते उठले, थोडे डुलले, आणि पायरी उतरले. व्याह्यांनी बसल्या जागेवरूनच झारा पुढे केला. तो टेकत टेकत हे खाली खाचरात गेले, मध्ये दोनदा थांबले, वाकले, आणि चेंडू घेऊन वर आले. "ह्यो घ्या पाव्हनं. मानाचा." व्याह्यांनी घेतला. आभार मानले नाहीत, उलट म्हणाले, "जरा वेळ लागला. असो. उद्या पुन्हा येतो."

आणि रोज आले. आज हरभऱ्यात, उद्या त्याच्या खालच्या मसुरात, परवा ओढ्याच्या काठाला. दर वेळी हे धापा टाकत जायचे, शिव्या घालत यायचे. "ह्या मानसाला मारायचं कळत न्हाई, आन मान बरा कळतुया!" पण भाकरी अर्धीची दीड झाली आणि रात्री झोप लागायला लागली. मी मात्र धास्तावलेलीच. एक दिवस स्वयंपाकघरात व्याह्यांना गाठलं आणि विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम लांब मारता ना?" तर पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणाले, "विहीणबाई, आमटीला आज खोबरं कमी पडलंय." जावयांना विचारलं तर म्हणाले, "छे हो, बाबा कायम असेच खेळतात. घरातला बक्षिसाचा कपसुद्धा त्यांनी स्वतःच विकत आणलाय." माझं समाधान झालं. पण एकदा पहाटे पाणी तापवायला उठले, तर व्याही खळ्यावर एकटेच. एका टोकाला उभे, हातात उलथनं. हळूच टोला दिला आणि चेंडू सरळ रेघेत गडगडत मेढीच्या भोकात गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. मी खाकरले. त्यांनी दचकून मागे पाहिलं आणि म्हणाले, "चुकून गेले."

मग एके दिवशी त्यांनी तोंड फिरवलं आणि चेंडू घरामागच्या चढाकडे, वरच्या खाचरात मारला. तो चढ धडधाकट माणसालाही घाम फोडतो. मी ओरडले, "नको हो!" पण हे निघाले होते. अर्ध्या वाटेवर थांबले. एका दगडावर बसले. छाती वरखाली होताना मला खालून दिसत होती, आणि मी पाणी घेऊन पळाले. माझ्या पुढून व्याही पळाले. त्यांचे गुडघे मुळात बाद, तरी पळाले. ह्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी प्रथमच मला व्याह्यांचा चेहरा असा दिसला की, त्यावर पुढे काय बोलावं हे लिहिलेलं नव्हतं. "राहू द्या," ते म्हणाले, "राहू द्या व्याहीबुवा, चुकलं माझं. मी आणतो." असं म्हणून स्वतःच चढावर गवतात वाकून चेंडू शोधायला लागले. ह्यांना बोलता येत नव्हतं. एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि मग असा आवाज लागला की खाली गोठ्यात म्हैस उठली. "पाव्हनं! वाकू नगा! मान हाय तुमचा!" असं म्हणत हे उठले. मी दंडाला धरायला गेले तर माझा हात झटकला. एक पाऊल, मग दुसरं, मध्ये थांबून पुन्हा एक, असं करत वर पोचले. वरच्या खाचराच्या बांधाला चेंडू पडला होता. तो उचलला, आणि लगेच खाली न येता तोरण्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले. आम्ही दोघं खालीच होतो. व्याह्यांनी मफलरीने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "वारा फार आहे वर." वारा अजिबात नव्हता.

शिमग्याच्या आधी व्याही पुण्याला निघाले. गाडीत काठ्यांची बॅग चढली. हे आत गेले, ट्रंक उघडली आणि तो फेटा घेऊन बाहेर आले. घडीवर पिवळी रेघ पडली होती, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. व्याह्यांनी एकदा फेट्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि मान खाली केली. हे फेटा बांधत होते आणि व्याही खालच्या मानेनेच सांगत होते, "जरा डावीकडे घ्या. घट्ट नको. पीळ चुकतोय तुमचा." हे म्हणाले, "गप ऱ्हावा."

आता व्याह्यांचे गुडघे पार गेले. खुर्चीत असतात, पुण्यातच. येणं होत नाही. पण नांगरट निघाली की तेव्हा न सापडलेला एखादा चेंडू मातीतून वर येतो. हे तो धोतराला पुसून देवळीत ठेवतात आणि फोन लावतात, "पाव्हनं, घावला बरं का आनखी एक." पलीकडून तोच खणखणीत आवाज येतो, "वेळ लागला जरा. असो. अजून आहेत." मग दोघं काही न बोलता फोन कानाला धरून बसतात. मी म्हणते, बिल वाढतंय; तर दोघंही मला गप्प बसवतात.

मळणीला हल्ली यंत्र येतं. बैल नाहीत, मेढ रोवायचं कारण उरलेलं नाही. गेल्या साली खळं सारवताना बायकांनी विचारलं, मधलं भोक बुजवून टाकू का, पाय अडकतो. मी हो म्हणणार होते. हे ओटीवरून उठले, चालत खळ्याच्या मध्यापर्यंत आले, पायातल्या वहाणा आधी कडेला काढून, आणि त्यांनी भोकात पडलेला पाचोळा वाकून बाहेर काढला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्ये. पाव्हन्यांचं हाय."